मणिकर्णिकेजवळचा मुक्काम

काशीयात्रेस निघणाऱ्या मराठी कुटुंबापुढे पूर्वी दोन प्रश्न असत. आपले तीर्थोपाध्याय कोण, आणि उतरावयाचे कोठे? दोहोंचे उत्तर बहुधा एकच असे, कारण उपाध्यायांचा वाडा हीच यात्रेकरूंची उतरण्याची जागा असे. आज पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना ठाऊक नसते आणि दुसऱ्याचे उत्तर मोबाईलच्या पडद्यावर शोधले जाते. तेथे खोलीचे एक भाडे लिहिलेले असते, त्यावर काट मारून दुसरे लिहिलेले असते, आणि त्याखाली आणखी सवलतीचे आमंत्रण असते. क्वचित हॉटेलाचे नाव झाकून ठेवून केवळ पेठ आणि दर्जा सांगितला जातो व भाडे मात्र मोहात पाडील इतके कमी असते.

वाचकहो, या सवलतींचा लाभ घ्यावा की न घ्यावा, आणि घ्यावयाचा तर कसा, याचा विचार आपण या लेखात मणिकर्णिका घाटाच्या परिसरापुरता करणार आहोत. विषय साध्या व्यवहाराचा आहे; परंतु स्थळ असे आहे की, तेथे पोहोचणाऱ्या माणसांपैकी कोणी सहलीला आलेला असतो, कोणी आईच्या अस्थी घेऊन आलेला असतो, तर कोणी जन्मभर मनात धरलेली यात्रा वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी पुरी करण्यास आलेला असतो. या तिघांना एकाच भावाची खोली सारखीच लाभत नाही.

घाटाची ओळख

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या पश्चिम तीरावर धनुष्याकृती ओळीने ८४ घाट आहेत. त्यांतील असी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव ही पाच स्थाने पंचतीर्थी म्हणून ओळखली जातात. या पाचांच्या साधारण मध्यावर मणिकर्णिका येते. विष्णूने आपल्या चक्राने येथे पुष्करिणी खोदली आणि ते कुंड पाहताना शंकराच्या कानातील मणिकुंडल त्यात पडले, म्हणून हे नाव, अशी कथा काशीखंडात आली आहे. चक्रपुष्करिणी कुंड घाटाच्या वरच्या अंगास आजही आहे. येथे देह ठेवणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारकमंत्र सांगतात, ही श्रद्धा शतकानुशतके चालत आली आहे. म्हणूनच येथील चिता रात्रंदिवस विझत नाहीत.

पंचक्रोशी यात्रेचा आरंभ आणि शेवटही याच घाटावर होतो. सुमारे ८० किलोमीटरची ही प्रदक्षिणा कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा अशा पाच मुक्कामांनी पुरी केली जाते आणि त्या त्या मुक्कामी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधलेल्या आहेत. म्हणजे मुक्काम हा काशीयात्रेचा एक विधीच होता, असे म्हटले तरी चालेल.

मराठी माणसाला तर हा परिसर परका वाटू नये. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, कार्तिक पौर्णिमेस काशीत पूर्ण केली, आणि ती मणिकर्णिकेच्या तीरी पूर्ण झाल्याचे ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. मणिकर्णिका घाटाच्या बांधणीशीही त्यांचे नाव निगडित आहे. घाटाला लागूनच उत्तरेस शिंद्यांचा घाट आहे आणि तेथेच एका बाजूस कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ दिसते. पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या भागात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली. झाशीची राणी लक्ष्मीबाई यांचा जन्मही काशीतलाच आणि त्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका होते, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

अतिथीने ठरविलेले मोल

उपाध्यायांच्या वाड्यात उतरण्याची जुनी रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. यजमान येत, वहीत आपल्या आजोबा-पणजोबांची नावे पाहत, स्वतःचे नाव त्याखाली लिहीत आणि ओसरीवर किंवा माडीवर पथारी पसरीत. भाडे असे काही ठरलेले नसे. श्राद्ध, स्नान, दर्शन सारे आटोपल्यावर निघण्याच्या दिवशी यजमान ऐपतीप्रमाणे दक्षिणा देई. त्या वेळी थोडी ओढाताण होई, क्वचित कडू शब्दही निघत. या जुलमाच्या तक्रारी जुन्या काळापासून ऐकू येतात. तरीही त्या व्यवहारात एक गोष्ट पक्की होती. किंमत पाहुणा सांगे, आणि ती घर पाहिल्यानंतर व तेथे राहिल्यानंतर सांगे.

दुसरी सोय धर्मशाळांची आणि छत्रांची. निरनिराळ्या प्रांतांनी व समाजांनी आपापल्या यात्रेकरूंसाठी काशीत वास्तू उभ्या केल्या. तमिळ प्रदेशातील नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजाचे छत्र एकोणिसाव्या शतकापासून येथे आहे. असी भागातील काशी मुमुक्षु भवन १९२० सालचे. गोदौलियाच्या बाजूस असलेले काशी लाभ मुक्ती भवन १९५८ पासून डालमिया कुटुंबाच्या धर्मादाय न्यासाकडून चालविले जाते. तेथे अखेरच्या दिवसांतील माणसाला त्याच्या नातलगांसह जागा दिली जाते, आणि ती साधारण दोन आठवड्यांपुरतीच असते. तेथे खोली मिळविण्याकरिता पाहुण्याची ऐपत पाहत नाहीत, प्रकृती पाहतात.

आणि काशीतील सर्वांत प्रसिद्ध लिलाव कोणता, असे विचाराल तर तो राजा हरिश्चंद्राचा. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी त्याने याच नगरीच्या बाजारात पत्नीला, मुलाला आणि शेवटी स्वतःला विकले, व स्मशानात डोंबाची चाकरी पत्करली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट काढला तोही याच कथेवर. स्वतःच्या मुलाच्या दहनाचा कर मागावयाची वेळ आली तेव्हाही त्याने तो माफ केला नाही, ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. किंमत लावण्याच्या व्यवहाराकडे काशी किती जुन्या काळापासून पाहत आली आहे, हे तीवरून कळावे.

बोलीचा नवा बाजार

आता नव्या बाजाराकडे वळू. नेहमीच्या लिलावात वस्तू एक असते, गिऱ्हाइके अनेक असतात, आणि बोली चढत जाते. खोल्यांच्या या नव्या लिलावात सारे उलटे असते. गिऱ्हाईक एक, विकणारे अनेक, आणि किंमत गिऱ्हाइकाने सांगावयाची. अमेरिकेत प्राइसलाइन या कंपनीने १९९८ मध्ये ही पद्धत लोकांपुढे आणली आणि त्याच वर्षी तिचे पेटंटही मिळविले. प्रवाशाने शहरातील भाग, हॉटेलाचा दर्जा, तारीख आणि आपण देऊ ती रक्कम इतके कळवावयाचे व कार्डाचा क्रमांक द्यावयाचा. त्या भावाला एखादे हॉटेल कबूल झाले की पैसे तत्काळ वळते होत आणि मगच हॉटेलाचे नाव कळे. एकदा सौदा झाला की तो मोडता येत नसे. बोली नाकारली गेली तर काही अट बदलून किंवा एक दिवस थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. पुढे ही उघडी बोली मागे पडली; परंतु तिची भावंडे सर्वत्र पसरली. नाव झाकलेली सवलत, आयत्या वेळची सवलत, केवळ सभासदांना दाखविलेला भाव, कूपन, ही सारी त्याच कुळातील आहेत.

हॉटेलवाला हे का कबूल करतो? भाजी मंडईतील दिवेलागणीची वेळ आठवा. सकाळी ताठ असलेला भाजीवाला संध्याकाळी मेथीच्या जुड्या मागाल त्या भावाने देतो, कारण उद्या त्या विकल्या जाणार नाहीत. खोलीचे आयुष्य तर त्याहूनही थोडे. आजची रात्र रिकामी गेली की ती उद्या विकता येत नाही. इमारतीचे हप्ते, नोकरांचे पगार, वीज-पाण्याचा मूळ खर्च खोली भरली काय आणि रिकामी राहिली काय, सारखाच होतो; एका पाहुण्यामुळे वाढतो तो चादरी, साबण आणि थोडी वीज एवढाच. तेव्हा हाती येईल ते बरे. मात्र दारावर मोठ्या अक्षरांत तो कमी भाव लिहिला, तर ज्यांनी पूर्ण भाडे भरले आहे ते सारे पाहुणे आपलेही पैसे परत मागतील. यासाठीच नाव झाकावयाचे. सवलत तुम्हांला मिळते ती नाव न कळण्याच्या मोबदल्यात.

याखेरीज आपल्याकडे एक घरगुती रीत आहे आणि ती कोणत्याही संकेतस्थळाहून जुनी आहे. भाव संकेतस्थळावर पाहावा आणि हॉटेलात थेट दूरध्वनी करावा. एक साधा हिशेब पाहा. समजा, पडद्यावर खोलीचे भाडे ३,००० रुपये आहे आणि त्यातील २० टक्के संकेतस्थळाचा हिस्सा आहे. मालकाच्या हाती २,४०० रुपये येतात. तुम्ही २,६०० रुपये देऊ केलेत, तर तुमचे ४०० वाचतात आणि मालकाला २०० अधिक मिळतात. असा सौदा करण्यास हॉटेलवाले पूर्वी बिचकत, याचे एक कारण करारांतील अटी हे होते. इतरत्र कमी भाव देऊ नये, अशा अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला आणि त्या अटी करारांतून काढण्याचा आदेश दिला. दूरध्वनीवर नम्रपणे भाव विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, हे यावरून ध्यानात यावे.

नकाशातील अंतर आणि पायांखालचे अंतर

एखाद्या आखीव-रेखीव शहरात पेठ आणि दर्जा एवढे कळले तरी खोली पुरेशी कळते. काशीत तसे नाही. येथे 'विश्वनाथ मंदिराजवळ' किंवा 'मणिकर्णिकेजवळ' या शब्दांचा अर्थ घरागणिक बदलतो.

पहिली गोष्ट म्हणजे वाट. मोटारी आणि रिक्षा गोदौलिया किंवा चौक या बाजूंपर्यंत येतात. पुढे कचौरी गलीसारख्या अरुंद वाटांतून पायीच जावे लागते. नकाशावर ३०० मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात वळणे घेत, गाईगुरांना वाट देत, खांद्यावर तिरडी घेऊन 'राम नाम सत्य है' म्हणत येणाऱ्यांसाठी भिंतीला पाठ लावून उभे राहत चालावे लागते. सामान हमालाकडे द्यावे लागले तर त्याचा खर्च भाड्यात धरावा.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. घाटाकाठच्या जुन्या इमारती उंच आहेत आणि त्यांचे जिने चिंचोळे आहेत. स्वस्त खोली पुष्कळदा सर्वांत वरच्या मजल्यावर असते आणि पुष्कळ ठिकाणी उद्वाहक नसतो. शिवाय घरातून घाटावर उतरताना ज्या पायऱ्या उतराल, त्याच भिजलेल्या वस्त्रांनी पुन्हा चढावयाच्या असतात.

तिसरी गोष्ट धुराची. मणिकर्णिकेच्या अगदी निकट असलेल्या घरांत वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धूर आणि राख येते. लाकडे उतरविण्याचा आवाज रात्रीही थांबत नाही. काहींना हे सान्निध्य हवे असते. लहान मुलांना आणि दम्याच्या रोग्यांना ते सोसत नाही.

चौथी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, गंगा पायऱ्या गिळीत वर येते. एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट बंद होते, नौका थांबविल्या जातात, आणि मणिकर्णिकेवर दहनाची जागा वरच्या गच्चीवर न्यावी लागते. त्या दिवसांत खोल्या स्वस्त होतात, त्याचे कारण हेच. उलट कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीस आणि महाशिवरात्रीस भाव कितीतरी पटींनी चढतात. त्या रात्री बोली लावून सवलत मिळविण्याचा विचार सोडावा. रिकामी खोलीच नसेल तर मालक कोणाची बोली ऐकणार?

पाचवी गोष्ट बदलत्या वस्तीची. विश्वनाथ धामाचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. त्यासाठी तीनशेहून अधिक इमारती संपादित करण्यात आल्या आणि मंदिरापासून ललिता घाटापर्यंत मोकळी वाट झाली. मणिकर्णिका घाटाच्या पुनर्विकासाची पायाभरणी जुलै २०२३ मध्ये झाली. म्हणून दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाने सांगितलेली खूण आज सापडेलच असे नाही. निघण्यापूर्वी हॉटेलवाल्याला सध्याची वाट विचारून घ्यावी.

कोणी बोली लावावी, कोणी लावू नये

दोन कुटुंबे डोळ्यांपुढे आणा. एक नागपूरचे. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. सुट्टीत कोणत्याही आठवड्यात निघण्याची त्यांची तयारी आहे, चालण्याची सवय आहे, आणि खोली मनाजोगी नसली तरी दिवस बाहेरच जावयाचा आहे. या कुटुंबाने सवलतीच्या खोलीचा शोध जरूर करावा. आधी एकाच दर्जाच्या तीन-चार हॉटेलांचे नेहमीचे भाव टिपून ठेवावेत. मग आपली कमाल मर्यादा कागदावर लिहावी. तिच्याहून बऱ्याच खालून आरंभ करावा, थोडेथोडे वर यावे आणि मर्यादेपाशी थांबावे. खेळाच्या भरात शंभर-शंभर रुपये चढवीत माणूस मूळ भाड्याच्याही पुढे जातो, असा लिलावांतील सार्वत्रिक अनुभव आहे. मर्यादा ठरविताना कर धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. न्याहारी, जादा गादी आणि सेवाशुल्क यांचीही चौकशी करावी.

दुसरे कुटुंब सांगलीचे. वडिलांच्या अस्थी घेऊन मुलगा, सून आणि सत्तरीच्या पुढची आई निघाली आहेत. आईला जिना चढवत नाही. तिला घाटावर एकदाच जावयाचे आहे, परंतु शांतपणे जावयाचे आहे. या कुटुंबाने नाव झाकलेली खोली घेऊ नये. तळमजला आहे का, वाहन किती जवळ येते, पहाटे गरम पाणी मिळते का, नौका कोठून घ्यावयाची, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज एक रुपयाही विसार देऊ नये. चारशे रुपये वाचले आणि आई खोलीतच बसून राहिली, तर त्या काटकसरीचा हिशेब कोणत्याही वहीत जुळणार नाही.

दोन्ही कुटुंबांना लागू असा एक नियम आहे. गाडीचे तिकीट पक्के झाल्याखेरीज न फिरणारे पैसे भरू नयेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. ऑनलाइन काढलेले प्रतीक्षा यादीतील तिकीट शेवटपर्यंत पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होऊन त्याचे पैसे परत मिळतात. बोलीत घेतलेल्या खोलीचे मात्र बहुधा मिळत नाहीत. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस थेट वाराणसीला जाते. तरीही उतरण्याचे स्थानक नीट वाचावे. वाराणसी जंक्शन, २०२१ मध्ये मंडुवाडीहचे नाव बदलून झालेले बनारस, घाटांच्या उत्तरेस असलेले काशी, आणि गंगेपलीकडचे, पूर्वी मुघलसराय म्हणून ओळखले जाणारे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, ही चार वेगवेगळी स्थानके आहेत. 'स्थानकाजवळ' म्हणून घेतलेली खोली यांपैकी कोणत्या स्थानकाजवळ आहे, हे न विचारल्यास वाचविलेले पैसे रिक्षात जातात.

फसवणुकीपासून सावध

श्रद्धेची वाट भाविकाइतकीच ठगालाही ठाऊक असते. तीर्थक्षेत्रांतील निवासाच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून पैसे उकळले जातात, असा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. ओळखीच्या धर्मशाळेचे नाव आणि छायाचित्र घेऊन दूरध्वनी क्रमांक मात्र भलताच दिलेला असतो. म्हणून न्यासाच्या धर्मशाळेत जागा हवी असल्यास क्रमांक त्या न्यासाकडूनच मिळवावा, आणि व्यक्तीच्या खासगी खात्यावर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक.

दुसरी फसवणूक अधिक सूक्ष्म असते. 'एकच खोली शिल्लक', 'आत्ता सतराजण हीच खोली पाहत आहेत', अशा पाट्या खऱ्या नसतील तर त्या गिऱ्हाइकाला घाई करण्यासाठी असतात. शेवटच्या पानावर न मागितलेला विमा किंवा देणगी जोडणे, आधी थोडे भाडे दाखवून मग शुल्के वाढवीत नेणे, हेही त्यातलेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून अशा १३ क्लृप्त्या निषिद्ध ठरविल्या आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक घरातील सर्वांना सांगून ठेवावा. घाई करणाऱ्या पाटीला उत्तम उत्तर म्हणजे पान मिटून चहा घेणे आणि मग पुन्हा उघडून पाहणे. पुष्कळदा ती एकच खोली तशीच शिल्लक असते.

जेथे बोली नसावी

खोली मिळाली, सामान ठेवले, आणि आता तुम्ही घाटाकडे निघालात. एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. काही जाहिरातींत चितांचे दृश्य हे खोलीचे आकर्षण म्हणून मांडले जाते, आणि गच्चीवरून ते पाहण्याचे वेगळे मोल घेतले जाते. नदीचे दृश्य विकत घेण्यात गैर काही नाही. परंतु खाली ज्याच्या घरचा माणूस जळत आहे, त्याने आपले दुःख भाड्याने दिलेले नाही. छायाचित्रे काढू नयेत. मुलांना नेणार असाल तर आधी समजावून न्यावे. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे घाटावर न देता परत आल्यावर द्यावीत.

घाटावर मोठमोठ्या काट्यांवर लाकूड तोलले जाते. आंबा आणि इतर साधे लाकूड वेगळ्या भावाने, चंदन वेगळ्या भावाने. तेथेही घासाघीस चालते आणि ज्याच्यावर प्रसंग आला आहे, त्याला ती करावी लागते. डोंब समाजाची माणसे पिढ्यान्पिढ्या हे कठीण काम करीत आली आहेत. अग्नी त्यांच्याकडूनच घेतला जातो. पाहण्यासाठी आलेल्या माणसाने त्या व्यवहारात कुतूहलानेही भाव विचारू नये. 'गोरगरिबांच्या लाकडासाठी दान द्या' म्हणून कोणी वाट अडवील, तर हात जोडून पुढे व्हावे. दान द्यावयाचेच असेल तर ते ओळखीच्या न्यासाला पावती घेऊन द्यावे. ज्या कुटुंबाला लाकडाऐवजी दाहिनीत दहन करावयाचे असेल, त्याने हरिश्चंद्र घाटावर तशी सोय सुरू आहे का, याची आधी चौकशी करावी.

जुन्या यजमानाने दक्षिणा शेवटी दिली, ती घर पाहून दिली. आपण पैसे आधी भरतो आणि घर मागाहून पाहतो. म्हणून आपली चौकशी आधी झाली पाहिजे. काळ बदलला, वाड्यांची हॉटेले झाली, वह्यांच्या जागी पडदे आले. तरी यात्रेस निघताना घरातील थोरामोठ्यांना काय झेपते, हे ओळखण्याची जबाबदारी धाकट्यांवरच आहे. भाड्यात जेवढे वाचविता येईल तेवढे निःसंकोच वाचवावे. वाचलेल्या पैशांतून आईसाठी सकाळची एक स्वतंत्र नौका करावी. नावाड्याला मणिकर्णिकेसमोर वल्ही थांबवावयास सांगावीत, आणि तिला हवे तितका वेळ तेथे बसू द्यावे. नावेचे भाडे चढण्यापूर्वी ठरवून घ्यावे. परंतु परत फिरण्याची घाई मात्र करू नये.